रोज नवी स्टाइल नको, आधी एकच खेळ पक्का कर

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणाऱ्या 24 वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. मूळ गाव निपाणीकडचं, सध्या बेळगावात खोली करून राहतो. नाव छापू नका असं त्यानं लिहिलंय. पत्र थोडं आवरून देतो.

'काका, दिवाळीत गावाकडं तीन पत्ती खेळायचो, तेवढीच पत्त्यांची ओळख. कारखान्यातल्या एकानं मोबाइलवर पोकर दाखवला आणि खेळ मला मनापासून आवडला. सुरुवातीला पैसे लावून खेळलो, काही हजार गेले. मग ते अॅप बंद पडलं. आता फुकटच्या चिप्सवर खेळतो. सेकंड शिफ्टहून आलो की रात्री एकपर्यंत चालतं. अडचण अशी की माझा खेळ एका जागी थांबत नाही. एक व्हिडिओ बघितला की आठवडाभर चांगले पत्ते येईपर्यंत नुसतं फोल्ड करत, म्हणजे पत्ते टाकून देत बसतो. कंटाळा आला की दुसरा बघतो. त्यातला माणूस कुठल्याही पत्त्यांवर रेज मारून, म्हणजे लावलेल्या चिप्स वाढवून जिंकतो. मग मी पण तसंच करतो आणि अर्ध्या तासात सगळ्या चिप्स जातात. नक्की कुठली स्टाइल घ्यावी? खोलीतला जोडीदार म्हणतोय, फुकटात खेळून कोण शिकतं, बाहेरच्या साइटवर एजंट खातं काढून देतो, आणि इथं भीती वाटत असेल तर शिनोळीला जाऊन खेळ, तिकडं महाराष्ट्र आहे. त्याचं ऐकू काय? आणि एकावेळी दोन टेबलं उघडली तर लवकर शिकेन काय?'

आधी जोडीदाराचा विषय संपवू. तो जे सांगतोय त्याला एक जुना आधार आहे, म्हणून त्याला खोटारडा म्हणत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये कर्नाटकानं पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली होती. तेव्हा अॅपवाले कर्नाटकातलं लोकेशन दिसलं की दार बंद करायचे, आणि हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात गेलं की तोच मोबाइल चालायचा. 14 फेब्रुवारी 2022 ला उच्च न्यायालयानं ती दुरुस्ती रद्द केली. पण ती सगळी राज्याच्या कायद्याची गोष्ट होती. आताचा कायदा केंद्राचा आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं तो मंजूर केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा वाद ठेवलेलाच नाही. पैसे लावून ऑनलाइन खेळवायचं म्हटलं की बंदी. उद्यमबागेत बसलास काय, शिनोळीत बसलास काय, फरक पडत नाही. तुझं जुनं अॅप बंद पडलं ते याच सुमारास असणार.

त्या कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्याला: चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे तुझा जोडीदार सांगेलच. त्यानं न सांगितलेली गोष्ट मी सांगतो. एजंटकडून काढलेल्या खात्यात पैसे तुझे असतात, पण खातं त्याच्या हातात असतं. जिंकलास आणि त्यानं दिले नाहीत तर कुणाच्या दारात जाणार? त्यात एजंट म्हणाला की दुसऱ्या कुणाचे पैसे तुझ्या बँक खात्यातून पुढं पाठव, तर तू खेळणारा राहिलास कुठं? पैसे फिरवणाऱ्यांत तुझं नाव आलं. पगाराचं खातं गोठलं तर घरी काय सांगशील? त्याचं ऐकू नकोस. यावर मला दुसरं काही म्हणायचं नाही.

गेलेल्या हजारांबद्दल एकच. ते भरून काढायचा विचार डोक्यात घोळत असेल, झोप लागत नसेल, कुणाकडून उसने आणून लावावंसं वाटत असेल, तर 14416 या टेलि-मानसच्या नंबरवर फोन कर. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं आणि कन्नडातही. तुझ्या पत्राच्या सुरावरून तशी वेळ आलेली वाटत नाही. तरी नंबर लिहून ठेव.

आता खेळाकडं येऊ. तुझ्या पत्रातलं मला खटकलेलं वाक्य हे: 'कंटाळा आला की दुसरा व्हिडिओ बघतो.' तू खेळ बदलतोस तो खेळ चुकला म्हणून नव्हे. कंटाळा आला किंवा ओळीनं हरलास म्हणून बदलतोस. आणि हरण्यावरून खेळ चुकला की बरोबर होता हे थोड्या दिवसांत कळतच नाही. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते येतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच उघडतात. एक्क्यांची जोडी घे. हातात येणारे सगळ्यात भारी दोन पत्ते, सरासरी 221 डावांत एकदा येतात. समोर राजांची जोडी आली आणि दोघांनी सगळ्या चिप्स आत ढकलल्या, तरी एक्केवाला पाचांतून जवळपास एकदा हरतोच. तिथं त्याचं काही चुकलेलं नसतं. आता तुझा आठवडा बघ. दोन-तीन मोठे डाव असे उलटले की तू म्हणतोस, ही स्टाइल चालत नाही, दुसरी बघू. दुसरीत योगायोगानं दोन दिवस चिप्स आल्या की ती खरी वाटते. असं करत राहिलास तर वर्षानंतरही तू इथंच असशील.

व्हिडिओतला माणूस इस्पिकच्या सत्ती-पंजीवर रेज मारतो, हे तुला दिसतं. तो शेवटच्या खुर्चीत होता, समोरचा माणूस दाब आला की सोडून देतो हे त्याला आधीच माहीत होतं, आणि पुढच्या पत्त्यावर काय करायचं हेही ठरलेलं होतं. यातलं तुला काही दिसत नाही. तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी सगळे डाव दाखवत नाहीत. एक पकड घोटून घेतात, ती अंगात मुरली की मग दुसरी. तू मात्र मैदानातल्या नामांकित पैलवानाचा शेवटचा डाव बघून थेट तोच टाकायला जातोयस.

म्हणून माझं सांगणं असं की स्टाइल निवडू नकोस. थोडे निर्णय आधी ठरव आणि दोन महिने ते हलवू नकोस. रोज तासभर, एका टेबलावर खेळलास तर तासाला साठ-सत्तर डाव होतात. दोन महिन्यांत चार हजारांच्या आसपास. तेवढ्यावर काहीतरी बोलता येईल. ज्याला टाइट-अॅग्रेसिव्ह म्हणतात, म्हणजे कमी डाव खेळायचे पण जे खेळायचे ते दाबून खेळायचे, त्यापासून सुरुवात कर. ती सगळ्यात भारी म्हणून सांगत नाही. तिच्यात अवघड प्रसंग कमी येतात, आणि नवख्याला शिकायला तेच बरं.

पहिला निर्णय खुर्चीचा. तीन पत्तीत कुणाच्या आधी बोलायचं याला आपण फार किंमत देत नाही. पोकरमध्ये अर्धा खेळ तिथंच आहे. डीलरचं बटण ज्याच्यापुढं तो फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, सगळ्यांच्या शेवटी बोलतो, म्हणजे बाकीच्यांनी काय केलं ते बघून ठरवतो. ब्लाइंडच्या, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच ठरलेल्या चिप्स टाकणाऱ्या दोघांच्या, लगेच पुढचा माणूस फ्लॉप पडायच्या आत सगळ्यांत आधी, आंधळेपणानं बोलतो. त्यामुळं तेच दोन पत्ते एका खुर्चीत खेळायचे आणि दुसरीत टाकायचे असतात.

सहा जणांच्या टेबलावर पहिल्या खुर्चीतून एवढंच खेळ: सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्क्याबरोबर राजा, राणी किंवा गुलाम, आणि राजा-राणी. मी मोजून सांगतो. दोन पत्त्यांच्या एकूण 1326 जुळण्या होतात, त्यातल्या या 112. म्हणजे सरासरी बारा डावांत एकदा. बटणावर बसलास आणि तुझ्याआधी सगळ्यांनी सोडलं, तर सगळ्या जोड्या, एकाच रंगाचा कुठलाही पत्ता असलेला एक्का, वेगळ्या रंगातल्या अठ्ठीपासून वरच्या पत्त्याबरोबरचा एक्का, दश्शीपासून वरचे कुठलेही दोन, आणि पंजी-चौकीपासून दश्शी-नव्वीपर्यंत एकाच रंगाचे लागून येणारे पत्ते. हे होतात 318, म्हणजे चार डावांत जवळपास एकदा. मधल्या खुर्च्यांना या दोन याद्यांच्या मधलं. यादी वहीत लिही आणि मोबाइलशेजारी ठेव. यादीत आहे तर रेज, नाही तर फोल्ड. 'बघू तरी काय येतंय' म्हणून नुसता कॉल मारत, म्हणजे समोरच्याएवढ्याच चिप्स टाकत, आत शिरायचं नाही. तुझ्या चिप्स त्या वाटेनं जात असणार, मोठ्या ब्लफमध्ये, म्हणजे हातात काही नसताना दिलेल्या दाबात, त्यामानानं कमीच.

तुझ्याआधी कुणी रेज मारली असेल तर यादी आणखी आवळायची. राणींपासून वरची जोडी किंवा एक्का-राजा असेल तर पुन्हा रेज. सत्तीपासून गुलामापर्यंतच्या जोड्या आणि एक्का-राणीवर कॉल. बाकी सोडून दे. आणि स्मॉल ब्लाइंडमध्ये, म्हणजे दोन ब्लाइंडपैकी अर्ध्या चिप्स टाकणाऱ्या खुर्चीत असताना 'आपले अर्धे आधीच गेलेत' म्हणून आत जाऊ नकोस. टाकलेल्या चिप्स पॉटच्या, म्हणजे मधल्या ढिगाच्या झाल्या, त्यांच्यावर तुझा हक्क उरला नाही.

फ्लॉप पडल्यावर नवख्यांचं मन सगळ्यात जास्त डगमगतं. एक्का-राजा हातात घेऊन बसलेल्याला वाटतं की आपण जिंकत आलोय. पण जोडी नसलेले दोन पत्ते फ्लॉपवर जेमतेम तिनांतून एकदा जोडी बांधतात. दोनदा काहीच लागत नाही. म्हणून हेही आधीच ठरव. काही लागलं नाही आणि समोर एकच माणूस असेल, तर पॉटच्या निम्म्याएवढी एक बेट लाव. त्यानं कॉल केलं तर तिथंच थांब. समोर दोघं-तिघं असतील तर तीही नको. छोटी जोडी घेऊन आलास तर तिसरा पत्ता फ्लॉपवर साडेआठ वेळांत एकदा लागतो. नाही लागला आणि समोरून जोर आला की सोडायचं. टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी तुझी जोडी जमली आणि दुसरा पत्ताही दमदार असेल, तर न घाबरता बेट लावत राहा. पण आतापर्यंत मुकाट कॉल करणारा माणूस चौथ्या किंवा पाचव्या पत्त्यावर एकदम रेज मारून उठला, तर एका जोडीवर त्याच्याशी भांडू नकोस. असे लोक तिथं क्वचितच ब्लफ मारतात.

कलरच्या मागं धावणं हा आपल्याकडच्या खेळाडूंचा जुना नाद. तीन पत्तीत कलर एकदम हातात येतो, इथं एकाच रंगाचे पाच पत्ते जमवावे लागतात, म्हणून गणित सांगतो. टेबलावर चार पत्ते उघडलेत, हातातले धरून तुझे चार बदाम झालेत, आणखी एक हवा आहे. न दिसलेल्या 46 पत्त्यांत 9 बदाम आहेत, म्हणजे शक्यता 20 टक्क्यांना किंचित कमी. पॉटमध्ये 600 चिप्स आहेत, समोरच्यानं 300 लावल्या. तू 300 टाकल्यास पॉट 1200 चा होईल. 1200 मध्ये तुझे 300, म्हणजे 25 टक्के. चारांतून एकदा जिंकत असशील तरच बरोबरी, आणि तू पाचांतून एकदाही पुरता जिंकत नाहीस. मग सोडायचं. बदाम लागल्यावर तो माणूस आणखी बऱ्याच चिप्स देईल अशी खात्री असेल तर गोष्ट वेगळी, पण ती खात्री दोन महिन्यांनंतरची. त्यानं 600 च्या पॉटात 100 लावल्या असत्या तर? 800 मध्ये तुझे 100, साडेबारा टक्के. तिथं आनंदानं कॉल. तू मशीनवर मायक्रॉनचं माप धरणारा माणूस आहेस, हे गणित तुला जड जाणार नाही. आठवडाभर कागदावर केलंस की मग डोक्यात आपोआप व्हायला लागेल.

जोडीदाराचा एक मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. फुकटच्या टेबलावर लोक चिप्सची पर्वा करत नाहीत. एकानं रेज मारली की चौघं कॉल करतात. अशा टेबलावर ब्लफ शिकता येत नाही, कारण सोडणारा कुणी नसतो. व्हिडिओतला झंझावाती खेळ तुला अर्ध्या तासात साफ करतो त्याचं कारणही हेच आहे. दाब देऊन जिंकायला समोर दबणारा माणूस लागतो. पण खुर्चीचं भान, यादी पाळणं, पॉटचं गणित, आणि कोण कशावर बेट लावतो हे ध्यानात ठेवणं, हे सगळं तिथं शिकता येतं. बाकीच्या ठिकाणी ब्लाइंडच्या अडीच-तीन पट रेज पुरते, फुकटच्या टेबलावर चार-पाच पट मार. चांगले पत्ते असले की मोठी बेट लाव, लोक देतात. ब्लफचा नाद दोन महिने पूर्ण सोड.

तुला खरंच माणसांसमोर खेळायचं असेल तर रविवारी खोलीतल्यांनाच गोळा कर. पत्त्यांचा एक कॅट, चिप्सच्या जागी चिंचोके. पैसा अजिबात नको. प्रत्येक डाव संपल्यावर सोडलेल्यांनीही पत्ते उघडे करायचे आणि का सोडलं ते सांगायचं. मोबाइलवर हे कधीच कळत नाही. जोडीदाराला यादी शिकव. दुसऱ्याला शिकवताना आपली भोकं आपल्याला दिसतात. कारखान्यातलं कुणी उद्या चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत जाऊ म्हणेल. तिथं समोरासमोर बसून पैशांचं पोकर कायदेशीर आहे हे खरं. पण तुझ्या पगाराला ते टेबल परवडणारं नाही, आणि जुने हजार अजून सलत असताना तर मुळीच जाऊ नकोस.

वेळेचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सेकंड शिफ्ट करून, आठ तास मशीनपुढं उभं राहून आलेला माणूस रात्री बाराला यादी पाळेल हे मला पटत नाही. थकलेल्या डोक्याला फोल्ड करायचा कंटाळा येतो. तुझ्या 'कंटाळ्या'तला बराच भाग हा थकवा असणार. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी आंघोळ-नाश्ता उरकून तासभर खेळ, आणि रात्री झोप. ओळीनं दोन मोठे डाव हरलास की त्या दिवशी अॅप बंद. तिसऱ्या डावात तुझा हात यादीकडं जात नाही, सूड घ्यायला जातो.

रोज किती चिप्स जिंकलास हे लिहू नकोस. त्याऐवजी वहीत दोन गोष्टी लिही. एक, शंभर डावांतल्या कितींमध्ये तू स्वतःहून चिप्स टाकल्यास. पुष्कळ अॅप हा टक्का दाखवतात, तुझं दाखवत नसेल तर रेघा मारून मोज. वरच्या यादीप्रमाणं खेळलास तर आकडा 10 ते 15 च्या घरात राहील. एका आठवड्यात 12 आणि दुसऱ्यात 45 आला तर पुन्हा व्हिडिओतल्या माणसामागं लागलास असं समज. दोन, ज्या डावात यादी मोडावीशी वाटली तो डाव: खुर्ची कुठली, पत्ते काय, आधी कोण काय बोललं, आणि तू काय केलंस. जिंकलास की हरलास ते शेवटी लिही, किंवा लिहूच नकोस.

दोन महिन्यांनी वही उघडशील तेव्हा तुझा कल तुलाच दिसेल. काहीजणांना यादीबाहेरचे डाव खेळायची ओढ बटणावरच येते, आणि तिथं ते हुशारीनं खेळतात. अशानं बटणावरची यादी थोडी सैल करावी. काहीजण बेट लावायला कचरतात, चांगले पत्ते असूनही कॉल करत बसतात. त्यांनी तेवढी एक गोष्ट दुरुस्त करावी. एकावेळी एकच बदल, आणि तो पुन्हा महिनाभर. तुझी स्वतःची स्टाइल म्हणतात ती अशी हळूहळू तयार होते. दुसऱ्या कुणाची उचलून ती तुझी होणार नाही, कारण त्याला कुठं भीती वाटते आणि तुला कुठं वाटते, यात फरक आहे.

व्हिडिओ बघू नकोस असं म्हणणार नाही. बघताना डाव चालू असतानाच थांबव, त्या माणसाच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस ते आणि त्याचं कारण वहीत लिही, मग पुढं चालव. असा एक व्हिडिओ संपवायला पाऊण तास लागेल. आठवड्याला एक पुरे.

दोन टेबलांचं विचारलंस. आत्ता नको. एका टेबलावर तू फोल्ड करून बसलेला असतोस तो वेळ रिकामा वाटतो, म्हणून दुसरं उघडावंसं वाटतं. पण डावात नसताना बाकीच्यांकडं बघणं हेच तर शिकायचं आहे. कोण कुठल्या खुर्चीतून आत आला, शेवटी त्याचे पत्ते काय निघाले. फोल्ड केल्यावर अंगठा स्क्रीनवरून काढ आणि डाव संपेपर्यंत तेवढं बघ. टेबलावरच्या पाचही जणांबद्दल एकेक ओळ सांगता यायला लागली, कोण सगळ्यावर कॉल करतो, कोण फक्त एक्क्यावर रेज मारतो, की मग दुसरं टेबल उघड.